निघालेल्याला 'कुठे' विचारू नये

रस्त्याला लागून घर असलं की दोन गोष्टी आपोआप साचतात, धूळ आणि किस्से. धूळ मी सकाळ-संध्याकाळ झाडते. किस्से काही झाडून जात नाहीत. हुबळीला देशपांडे नगरात कुणाकडे हळदीकुंकवाला गेले की बायका म्हणतात, "ती म्हशीची गोष्ट सांग की." म्हशीची झाली की ट्रॅक्टरची. मी सातवी फायनल झालेली, लिहायची सवय वाण्याच्या यादीपुरती. पण त्याच गोष्टी घरोघरी सांगून घसा बसला, तेव्हा म्हटलं एकदा लिहूनच काढाव्यात.

आमचं घर रायापूरला, हुबळी-धारवाड रस्त्यावर. पुढे ह्यांचं सायकलचं दुकान, मागे दोन खोल्या. घरात हे, मी, आमची शकू आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंना अख्खं रायापूर अव्वा म्हणतं, मीही तेच म्हणते. पुण्याकडून बेंगळूरकडे जाणारं जग आमच्या दारावरून जातं, आणि बाभळीच्या काट्यांमुळे त्यातलं बरंचसं दारातच थांबतं. शेजारी चहाचा गाडा लावणारा बसप्पा म्हणतो, त्या बाभळी माझ्या सासऱ्यांनीच मुद्दाम लावल्यात.

आता लांब जायचं तर माणसं रेल्वेने जातात, बोटीने जातात, पैसेवाले विमानाने जातात. पण जगात काही माणसं अशी असतात की त्यांना यातलं काहीच चालत नाही. ती नेमकी आमच्याकडे येतात. हे त्या प्रत्येकाला तीन प्रश्न विचारतात. कुठून आलात, किती दिवस लागले, टायर कुठला. ह्यांचं इंग्रजी मॅट्रिकला नापास झालेलं, पण या तीन प्रश्नांना पुरतं. माणूस असतो तोवर ठीक असतं. तो गेला की हे दोन दिवस जेवताना बोलत नाहीत.

कारण ह्यांना स्वतःला सायकलवरून जगाची फेरी मारायची आहे. मला बघायला आले तेव्हाच सांगितलं होतं. माझे वडील अळणावरला लाकडाच्या डेपोत कारकून. त्यांना वाटलं मुलगा थट्टेखोर आहे, बरंच झालं, पोरगी हसतखेळत राहील.

थट्टा नव्हती. म्हणून दारात परदेशी चाक थांबलं की सगळे त्या चाकाकडे बघतात आणि मी ह्यांच्या तोंडाकडे बघते. मुळात माझा स्वभावच घाबरा. शकू जरा जास्त वेळ झोपली तरी नाकाशी बोट धरून श्वास बघणारी मी.

*

माझ्या लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. एक उंच गोरा, उन्हाने टोमॅटोसारखा झालेला, सायकल ढकलत आला. मागचा टायर दाबून बघितला तर हे चाटच पडले. आत ट्यूबच नाही. ट्यूब कधीच कामातून गेली होती, नवी मिळत नव्हती, म्हणून त्याने टायरमध्ये वाळकं गवत ठासून भरलं होतं. जिथे थांबेल तिथलं गवत भरत भरत तो तीन देश ओलांडून आला होता.

ह्यांना एवढा आनंद झाला की विचारू नका. टायर उतरवून गवतासकट कट्ट्याला टेकवून ठेवला आणि त्या मापाची ट्यूब शोधायला हुबळीच्या बाजारात गेले. तिथे ती मिळाली नाही. हात हलवत परत आले, तर बसप्पाची म्हैस टायरात तोंड घालून शांतपणे उभी. आत काडी शिल्लक नव्हती.

गोरा नुसता म्हशीकडे बघत राहिला. लाजला तो बसप्पा. त्याने गोठ्यातली जोंधळ्याच्या कडब्याची पेंढी आणली, विळीवर बारीक चिरली, आणि तिघांनी मिळून टायर परत भरला. म्हशीला तेवढा वेळ बांधून ठेवलं.

महिन्याभराने पार मद्रासहून कार्ड आलं, बसप्पाच्या नावावर. ह्यांनी वाचून दाखवलं. तुमचा कडबा फार उत्तम होता, इथपर्यंत एकदाही बदलावा लागला नाही, असं लिहिलं होतं.

बसप्पाने कार्ड गाड्यावर लावलं. म्हणाला, "म्हैस सात वर्षं तोच कडबा खाते. तिने कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत."

*

आमच्याकडे घराबाहेर पडणाऱ्याला 'कुठे' म्हणून विचारत नाहीत. विचारलं की गेलेलं काम फिसकटतं. हातावर दहीसाखर घालायची, "जाऊन या" म्हणायचं आणि गप्प राहायचं. अव्वा याबाबतीत फार कडक. एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, तर ह्यांना चप्पल काढून परत पाटावर बसवलं, पाणी पाजलं आणि मग जाऊ दिलं.

एक माणूस चालत कन्याकुमारीला निघाला होता. आपल्या देशातून चालतच आलेला. पुढे एक हातगाडी ढकलायची, तिच्यावर लाकडी पेटी, त्या पेटीतच झोपायचं. पुण्याकडून धारवाडमार्गे आला, आमच्या चिंचेखाली मुक्काम केला. सकाळी अव्वांनी त्याच्या हातावर दहीसाखर घातली. त्याने चाटून खाल्ली, वाकून नमस्कार केला, गाडी वळवली आणि धारवाडकडे चालायला लागला. म्हणजे आला होता तिकडेच.

आम्ही आठ-नऊ जण उभे होतो. सगळ्यांना दिसत होतं. बसप्पा मला हळूच म्हणाला, "तुम्ही केळ्री की." मी म्हटलं, तुम्हीच विचारा. हे अव्वांकडे बघायला लागले. अव्वा चिंचेकडे बघायला लागल्या. तेवढ्यात तो वळणाआड गेला.

दुपारी चारला तोच माणूस धारवाडकडून परत आला, घामाने निथळत. तिकडे एका कॉलेजच्या मुलाने त्याला विचारलं होतं म्हणे. अव्वांनी ताकाचा तांब्या पुढे केला. ताक पिऊन झाल्यावर त्याने ह्यांना विचारलं, सकाळी तुम्ही इतके जण उभे होतात, एकानेही सांगितलं कसं नाही? ह्यांनी ते अव्वांना सांगितलं.

अव्वा म्हणाल्या, "त्याला म्हणावं, विचारलं असतं तर वाटेत विघ्न आलं असतं."

तो दुसऱ्या दिवशी निघाला. पण आदल्या संध्याकाळीच त्याने गाडीचं तोंड हुबळीकडे करून चाकांना दगड लावून ठेवले होते.

*

ट्रॅक्टरवाला आला तो पेरणीच्या आधी. लाल ट्रॅक्टर, मागे पत्र्याची खोली ओढलेली, खोलीला खिडकी आणि खिडकीला चक्क फुलांचा पडदा. तो शेतकरीच होता, म्हातारपणी जग बघायला निघालेला. त्याला दुसरं काही चालवता येत नव्हतं, म्हणून ट्रॅक्टर घेऊन निघाला.

पुढच्या चाकाचा वाल्व्ह गळत होता, तेवढ्यासाठी थांबला. तासाभरात बातमी आजूबाजूच्या गावांत गेली. त्या वेळी आमच्याकडे ट्रॅक्टर म्हणजे क्वचित. एका गावचा गौडा, म्हणजे पाटील, नारळ, हळद-कुंकू, उदबत्ती घेऊन आला. ट्रॅक्टरची पूजा केली, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि म्हाताऱ्याचा हात धरून शेताकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्याने ह्यांच्याकडे बघितलं. हे काय सांगणार? ह्यांनीही शेताकडेच बोट दाखवलं.

म्हाताऱ्याने पत्र्याची खोली आमच्या दारात सोडली, कुणाकडून तरी नांगर जोडून घेतला आणि तीन दिवस नांगरलं. आधी गौडाचं, मग त्याच्या भावाचं, मग कुणाकुणाचं. त्याच्यासाठी रोज भाकरी, झुणका, कांदा शेतावर जायचा. शकू माझ्या पोटात होती, मला डोहाळे लागलेले. त्याच्या त्या पडद्याच्या खोलीत जाऊन बसावं असं फार वाटायचं. अव्वांनी बसू दिलं, अर्धा तास.

जाताना त्याने ह्यांना सांगितलं, "इतके देश फिरलो. सगळीकडे लोकांनी फोटो काढले. काम तुम्हीच दिलंत."

*

ह्यांचा तिसरा प्रश्न, टायर कुठला, एकदाच फसला.

एक बैरागी काशीहून रामेश्वराला निघालेला. पण चालत नव्हे. लोटांगण घालायचं, हात पुढे पोचतील तिथे रेघ मारायची, उठून त्या रेघेवर उभं राहायचं, परत लोटांगण. असा आमच्या दारापर्यंत आला. हे पाणी घेऊन पुढे झाले आणि सवयीने विचारलं, कुठून, किती दिवस. काशीहून, म्हणाला. दिवसांचं त्याला माहीत नव्हतं. तिसरा प्रश्न मात्र ह्यांनी गिळला.

तर बैराग्यानेच गुडघे पुढे केले. गुडघ्यांना आणि कोपरांना टायरचे तुकडे बांधलेले, पार झिजून गेलेले. हिंदीत म्हणाला, "जरा जाड बघून दे. मागचा सोलापूरचा होता, टिकला नाही."

ह्यांनी दुकानातला चांगल्यातला टायर काढला आणि चार तुकडे मापाने कापून दिले.

*

लांबचा प्रवास म्हणजे काय ते मलाही ठाऊक आहे. बाळंतपणाला माहेरी अळणावरला गेले होते. शकू तीन महिन्यांची झाल्यावर परत यायचं, तर त्या दिवशी गाडी चुकली. वडिलांच्या ओळखीची लाकडाची लॉरी धारवाडला निघाली होती. ड्रायव्हरशेजारी बसवलं. मागे सागाचे ओंडके साखळदंडांनी बांधलेले. दर वळणाला ते करकरायचे आणि मला वाटायचं, आता आले अंगावर.

मी शकूला छातीशी आवळून डोळे मिटले ते धारवाडलाच उघडले. ड्रायव्हर म्हातारा मुसलमान होता. शेवटी त्यानेच म्हटलं, "बेटी, पोरगी झोपलीय मघापासून. रडतेयस तू."

तिथून टांगा करून दारात उतरले. हे धावत आले. शकूला घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अगं, कशाने आलीस? किती वेळ लागला?"

तिसरा प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर मी त्याच टांग्याने परत गेले असते.

*

सगळ्यात जास्त भीती मला एका बंगाल्याची वाटली. परदेशी माणूस आला तर ह्यांना नुसतं बघायला मिळतं. हा आपल्यातला, ह्यांच्याच वयाचा, सायकलवर जगाच्या फेरीला निघालेला. मागचा एक्सल तुटला म्हणून तीन दिवस राहिला. आमटी-भात आवडीने खाल्ला, शकूला खांद्यावर घेऊन रस्त्याच्या कडेने फिरला. चांगला माणूस. म्हणूनच जास्त भीती.

चौथ्या दिवशी दुपारी हे मागच्या दारी आले. मी शकूचे कपडे उकळत होते, तिला गोवर निघाला होता. हे म्हणाले, "तो चल म्हणतोय. जाऊ?"

मी म्हटलं, "शकूचा गोवर उतरू दे."

बंगाली एकटा गेला. गोवर उतरला. मग मी म्हटलं, दात येऊ देत. मग म्हटलं, पावसाळा जाऊ दे. मग म्हटलं, अव्वांचे गुडघे बरे होऊ देत. हे दरवेळी "बरं" म्हणायचे. भांडले असते तर बरं वाटलं असतं. त्या बंगाल्याची कार्डं यायची, कुठल्या कुठल्या देशांची, आणि हे ती वाचून मला द्यायचे, कुठे ठेवायची ती तूच ठेव म्हणून.

*

आता अव्वांची गोष्ट. ही मी हळदीकुंकवाला सांगत नाही.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर दोन परदेशी बाया आल्या. दोघी पन्नाशीच्या पुढच्या, शाळेत शिकवणाऱ्या. स्वतः चालवत आणलेली जुनी व्हॅन, आत पलंग, स्टोव्ह, भांडी, सगळा संसार. काशीला जाणार, तिथून नेपाळला, तिथून परत. व्हॅन रडतखडत चालली होती. हे सायकलवाले, पण हातात कसब आहे. तीन दिवस त्या व्हॅनखाली पडून होते.

अव्वा व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसून त्या बायांबरोबर शेंगा सोलायच्या. इकडून कन्नड, तिकडून इंग्रजी, अडलं की तिघी हसायच्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हे म्हणाले, "त्यांना वाटेत दुरुस्तीला माणूस हवाय. नेपाळपर्यंत. दोन महिने." एवढंच. जाऊ का, असं या वेळी विचारलं नाही. आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. शकू ठणठणीत, दात सगळे आलेले, पावसाळा संपलेला.

मी चुलीपाशी अव्वांजवळ गेले. तीन भाकऱ्या करपल्या होत्या. म्हटलं, "अव्वा, तुम्ही तरी सांगा ना ह्यांना."

अव्वांनी करपलेली भाकरी उलटून बघितली आणि म्हणाल्या, "उद्याला दही विरजलंयस का?"

मला भयंकर राग आला. दही मात्र विरजलं.

सकाळी हे आत सदरा बदलत होते. मी शकूला कडेवर घेऊन दारात उभी. बायांनी व्हॅन सुरू केली. तेवढ्यात अव्वा बाहेर आल्या. नवं इरकल नेसलेल्या, काखेत गाठोडं, हातात रिकामा तांब्या. स्वतःच्याच हातावर दहीसाखर घालून घेतली, खाल्ली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. बाया सरकून बसल्या, जशा काही वाटच बघत होत्या. व्हॅन हुबळीकडे निघून गेली.

बसप्पाने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. विचारायची सोयच नव्हती.

हे बाहेर आले तेव्हा रस्त्यावर नुसती धूळ होती. "हुबळीच्या मठात गेल्या असतील," मी म्हटलं, "सोमवार आहे." संध्याकाळी हे मठात जाऊन आले. अव्वा नव्हत्या. मंगळवारी विजापूरहून आलेला एक लॉरीवाला बसप्पाकडे चहा पिताना म्हणाला, एका परदेशी मोटारीत एक अज्जी बघितली. मॅप मांडीवर घेऊन बसली होती.

हे दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. मीही नाही.

नवव्या दिवशी नागपूरहून तार आली. गाडी बंद पडलीय, बाळूला अवजारं देऊन पाठव, मी खुशाल आहे. बाळू म्हणजे हे. तार माझ्या नावावर होती.

मी दोनदा वाचली. मला सगळं दिसत होतं. नागपूरहून काशी काय, नेपाळ काय. आई बरोबर आहे, व्हॅन आहे, दुरुस्तीला माणूस हवाच आहे. एकदा गेले की माघारी कशाला येतील, आणि आईसाठी गेलेल्या मुलाला कोण बोल लावणार? पण अव्वा परमुलखात रस्त्यावर बसलेल्या. मी अवजारांची पिशवी पुढे आणून ठेवली आणि म्हटलं, "जा."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. सहा वर्षांत मी हा शब्द पहिल्यांदा उच्चारला होता.

दही हातावर घातलं. कुठपर्यंत, कधी परत, काही विचारलं नाही. गाडीची वेळ झाली आणि हे गेले.

बारा दिवस गेले. शकू रोज विचारायची, मी तिला म्हशीची गोष्ट सांगायची. बसप्पा येता-जाता नुसतं "बंद्रेन?" म्हणायचा, आले का. मी मान हलवायची. दुकानाची फळी मी रोज सकाळी काढायची आणि संध्याकाळी लावायची, आत कुणी नसलं तरी.

तेराव्या दिवशी दुपारी हे बसमधून उतरले. एकटेच. खांद्याला पिशवी, दाढी वाढलेली. शकू धावत गेली. मी आधी पान वाढलं.

जेवता जेवता सांगितलं. गिअरबॉक्सचं काम निघालं होतं, चार दिवस लागले. अव्वा मजेत होत्या. मुलगा येणार नाही, मी येते, असं त्यांनी बायांना खुणांनीच पटवलं होतं म्हणे. बायांना भाकरी थापायला शिकवली होती. गाडी सुरू झाल्यावर ह्यांनी आपली पिशवी मागे टाकली. अव्वांनी खाली उतरून ती बाहेर काढली आणि ह्यांच्या हातात दिली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाली, बाळ्या, गाडीत जागा नाही."

मी भात वाढला. मग न राहवून म्हटलं, "अहो, खरंच नव्हती?"

ह्यांनी आमटी ओतून घेतली, भात कालवला.

"मागे दोन माणसं ऐसपैस झोपतील एवढी होती," हे म्हणाले.